बसती हजेरी

त्या वर्षी उन्हं लवकर तापली. घायपाताचं तोडलेलं पान एरवी दोन दिवस ओलं राहायचं. त्या वर्षी सकाळी तोडलेलं पान दुपारपर्यंत चामड्यासारखं व्हायला लागलं. वाळलेलं पान यंत्रात नीट जात नाही. फिरत्या ढोलात अडकतं, गर सुटत नाही आणि वाख, म्हणजे दोर वळायचा धागा, काळपट निघतो. म्हणून मॅनेजरनं हुकूम काढला, ट्रॅक्टरमधून उतरलेलं पान तासाभरात यंत्रातून निघालं पाहिजे. ते निघावं म्हणून यंत्राच्या तोंडाशी असलेली आडवी फळी काढून टाकली. फळीमुळे हात आत जात नसे, पण पान घालायलाही थोडा वेळ जास्त लागे. ती फळी ऑफिसात माझ्या टेबलामागे भिंतीला टेकवून ठेवली होती. मी तिला डब्याची पिशवी अडकवत असे.

आमच्या घरातले तिघं त्या कारखान्यात होतो. हे ट्रॅक्टरवर, थोरल्या जाऊबाई यंत्रावर आणि मी ऑफिसात. थोरले दीर जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं. त्या आमच्यात राहत होत्या असं लोक म्हणायचे. खरं म्हणजे आम्ही त्यांच्यात राहत होतो. चूल त्यांची, किल्ल्या त्यांच्या, आणि घरात कोणी कधी उठायचं तेही त्याच ठरवणार.

मी आधी यंत्रावरच होते, सात महिने. पान हातभरापेक्षा लांब. जाड बाजू आधी आत घालायची, टोक हातात धरून ठेवायचं. ढोलाची पाती गर खरवडून काढतात आणि बाहेर ओढलं की हातात ओला पांढरा वाख येतो. मग उलट करून दुसरी बाजू घालायची, आणि या वेळी हातात धरायला असतो तो हा बुळबुळीत वाख. तो सुटू नये म्हणून सगळ्या बायका त्याचा एक वेढा तळव्याभोवती घ्यायच्या. वेढा घ्यायचा नाही असं भिंतीवर लिहिलेलं होतं. वेढा न घेता दिवसाचं काम पुरं होत नव्हतं, हे भिंतीवर लिहिलेलं नव्हतं.

आणि त्या गराची खाज! कोपरापर्यंत कातडी लाल व्हायची, मग सोलायची. रात्री मी हात गार पाण्याच्या बादलीत घालून बसायची. जाऊबाई ते बघायच्या. एक दिवस माझ्या हिशेबाच्या वहीतलं एक पान त्यांनी फाडलं आणि मधल्या सुट्टीत थेट मॅनेजरसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, ही आमची धाकटी. हिचं अक्षर बघा. छापल्यासारखं आहे की नाही?"

कागद त्यांनी उलटा धरला होता. मॅनेजरनं तो सुलटा केला, वाचला, आणि दुसऱ्या दिवसापासून मला टेबल मिळालं. त्याच रात्री मी म्हटलं, "जाऊबाई, तुम्ही कागद उलटा धरला होतात." त्या हसून हसून वाकल्या. "मग काय झालं? चांगलं अक्षर उलटंही चांगलंच दिसतं."

आज इतक्या वर्षांनीही मला तो कारखाना आठवला की आधी वास येतो, कापलेल्या हिरव्या पानांचा. तारांवर वाळत घातलेला वाख वाऱ्यावर हलायचा, आणि खिडकीतून मी तो बघत बसायची. मला ते दिवस आवडायचे, हे सांगताना लाज वाटते, पण खरं आहे. माझे हात बरे झाले होते.

टेबलावर दोन वह्या असत. एक हजेरीपट. त्यात मी प्रत्येकीच्या नावापुढे 'ह' किंवा 'गै' लिहायची. दुसरी लाल पुठ्ठ्याची, अपघात आणि आजार यांची. ती कोरी होती. सुरुवातीला मी मॅनेजरला विचारलं होतं, की निम्म्या बायकांचे हात सोललेत, ते यात लिहायचं का? तो नेहमीसारखा खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, खाज म्हणजे आजार नव्हे. सवय व्हायची राहिलेली आहे, एवढंच." बायकांनी त्याचं नाव हळूबोल्या ठेवलं होतं. आवाज जितका खाली जाईल तितकं समोरच्याचं वाईट व्हायचं.

ती मंगळवारची सकाळ होती. मी हजेरीपटात नव्या महिन्याच्या रेघा मारत होते. बाहेर यंत्राचा आवाज एकदम जड झाला, पान अडकल्यावर होतो तसा. मला वाटलं, अडकलं पान. मी रेघ पूर्ण केली. मग कोणीतरी किंचाळलं. पट्टा सुटल्याचा फटका ऐकू आला, आणि मी बाहेर धावले.

जाऊबाई ओरडल्या नव्हत्या. ओरडली होती ती त्यांच्या जोडीची बाई. ती दिवसभर बोलायची म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणत. जाऊबाई खाली बसल्या होत्या. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलेलं, आणि वाखाचा एक वेढा अजून हातावर होता, लाल झालेला. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "धाकटे, ते यंत्र बंद केलंय ना? पानं वाळतील."

दवाखान्यात तर्जनी, मधलं आणि अनामिका, तीन बोटं मुळापासून गेल्याचं सांगितलं. करंगळी राहिली, आणि अंगठा राहिला. संध्याकाळी ह्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोणपाटं अंथरून त्यांना घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावर बसले आणि लाल वही उघडली. पहिल्याच पानावर सूचना छापलेल्या होत्या. मॅनेजर आला, माझ्या खांद्यावरून त्यानं वही बघितली आणि समोरच्या खुर्चीवर बसला.

"वाचा बघू बाई, तिसरा नियम."

मी वाचला. कामावर इजा होऊन कामगार अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ गैरहजर राहिल्यास मालकानं तपासनीस कार्यालयाला लेखी कळवलं पाहिजे.

"गैरहजर राहिल्यास," तो म्हणाला. "आणि हजर राहिल्यास?"

मी पुन्हा नियमाकडे बघितलं.

"त्यांना आणा. काम करू नका म्हणावं. सावलीत खुर्ची टाकतो. नुसतं बसायचं. पगार चालू. यात वाईट काय आहे, तुम्हीच सांगा."

"साहेब, काल टाके पडलेत. ताप आहे त्यांना."

त्याचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. "कळवलं तर माणसं येतील. यंत्राला कुलूप लागेल, महिना, दोन महिने. चाळीस बायका घरी बसतील. तुमचा ट्रॅक्टर काय वाहून आणणार मग? आणि बाई, लिहिणारी मला दुसरीही मिळेल. यंत्रावरची एक जागा तर रिकामी आहेच."

मी खिडकीबाहेर बघितलं. यंत्र धुऊन काढलं होतं. फळी अजून माझ्या मागे भिंतीला होती.

मी घरी गेले. जाऊबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. हाताखाली उशी होती. ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, "जाऊबाई, कारखान्यात यायला सांगितलंय. काम नाही. नुसतं बसायचं."

"आज?"

"आज."

"कशाला गं?"

इथे मी खरं सांगू शकले असते. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "पगार कापला जाऊ नये म्हणून."

त्या भिंतीकडून माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "बरा आहे गं हळूबोल्या. आपण उगीच नावं ठेवतो." आणि डावा हात माझ्यापुढे केला. मी त्यांना उठवलं. उभं राहिल्यावर त्यांना भोवळ आली, आणि त्यांचं सगळं अंग माझ्या अंगावर आलं. किती हलकी बाई ती! मी चहा पाजला, दोन घोटांनंतर त्या ओकल्या. तोंड पुसून दिलं, आणि घेऊन गेले.

खुर्ची यंत्रासमोरच टाकली होती. सावली तिथेच होती, म्हणे. त्या तिथे बसल्या. समोर ढोल फिरत होता, आणि त्यांच्या जागेवर नवी बाई पान घालत होती. फळी लावलेली नव्हती. मी आत जाऊन त्यांच्या नावापुढे 'ह' लिहिला. मंगळवारच्या खान्यातही लिहिला.

पहिले दोन दिवस बायका हळहळल्या. कोणी पाणी आणून दिलं, कोणी पदरानं वारा घातला. तिसऱ्या दिवशी रेडिओ म्हणाली, "आम्हालाही एक खुर्ची मागवा की गं, ऑफिसवाली. आम्ही उभ्या हजेरीवाल्या, ह्या बसत्या हजेरीवाल्या." सगळ्या हसल्या. जाऊबाईही हसल्या. पुढे ते नावच पडलं. सकाळी फाटकातून शिरताना कोणीतरी हाक मारायचं, "वाट सोडा गं, बसती हजेरी आली!"

आठवड्यानंतर हसणं बदललं. जाऊबाईंच्या वाट्याची पानं बाकीच्यांवर पडत होती आणि नवी बाई हळू होती. एक दिवस कोणीतरी म्हणालं, "हात तुटला तर नशीब उघडलं." कोण म्हणालं ते मला खिडकीतून दिसलं नाही. जाऊबाईंना दिसलं असणार. त्या उठल्या, खुर्ची बाजूला सरकवली आणि डाव्या हातानं खाली पडलेला वाख वेचायला लागल्या. मॅनेजर बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "बसा. तुम्हाला सांगितलंय ना नुसतं बसायला?" त्या परत बसल्या. चाळीस बायकांसमोर, शाळेत बाकावर उभं केलेल्या पोरीसारख्या. फरक एवढाच की त्यांना बसवलं होतं.

त्या रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "धाकटे, उद्यापासून मला घरी राहू दे. पगार कापला तर कापला. माझ्याच्यानं आता त्या ढोलाकडे बघवत नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. मॅनेजरचं सगळं मी ह्यांना सांगितलं होतं. हे ताटातून वर न बघता म्हणाले, "वहिनी, अजून थोडे दिवस काढा. आम्हा दोघांचीही भाकरी तिथेच आहे."

"तसं म्हणतोस?" त्या म्हणाल्या. "मग काढते."

सात आठवडे काढले. टाके निघाले, जखमेनं दोनदा पू धरला, दोन्ही वेळा दवाखाना सुटीच्या दिवशी केला. मग एका सकाळी तपासनीस आला, वर्षातून एकदा यायचा तसा. त्याच्या आधी तासभर फळी माझ्या भिंतीवरून उठून यंत्रावर गेली.

तो म्हातारा, थकलेला माणूस होता. हजेरीपट चाळताना म्हणाला, "अक्षर फार सुंदर आहे हो, बाई." मी मान खाली घातली. लाल वही त्यानं उघडली, कोरी बघून मिटली. मग बाहेर त्याला जाऊबाई दिसल्या.

"हाताला काय झालं यांच्या?"

"घरी लागलं, साहेब," मॅनेजर म्हणाला. "तरी आम्ही कामावरून काढलं नाही. बसवून ठेवलंय. माणुसकी आहे शेवटी."

तपासनिसानं जाऊबाईंकडे बघितलं, मग यंत्राकडे, मग पुन्हा त्यांच्या हाताकडे. त्याला कळलं होतं असं मला अजून वाटतं. तो माझ्याकडे वळला. "तुम्ही यांच्या कोण?"

"धाकटी जाऊ."

"एका घरात राहता? मग तुम्हाला माहीत असेल. घरी झालं?"

यंत्र त्याच्यासाठी थांबवलेलं होतं. इतकी शांतता त्या आवारात मी कधी ऐकली नव्हती. रेडिओसुद्धा गप्प होती. जाऊबाई खुर्चीवरून माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "हो. घरी."

तपासनिसानं जाऊबाईंना विचारलं, "खरं का, बाई?"

मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. 

"हो साहेब," त्या म्हणाल्या. "सरपण तोडत होते. माझंच लक्ष नव्हतं."

त्यानं लिहून घेतलं. मॅनेजरनं त्याला फाटकापर्यंत सोडलं. परत येऊन त्यानं जाऊबाईंना सांगितलं, की आता बरं वाटतंय तुम्हाला, तेव्हा सोमवारपासून यायची गरज नाही. एका हाताचं काम आमच्याकडे नाही. खुर्ची त्यानं स्वतः उचलून आत नेली.

घरी जाताना वाटेत जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "तुला धरून नेलं असतं ना गं, मी खरं बोलले असते तर?"

मी म्हटलं, "हो." तसं काही झालं असतं की नाही, मला माहीत नव्हतं.

पुढचं वर्ष त्या घरीच होत्या. डाव्या हातानं झाडायला शिकल्या, पीठ मळायला शिकल्या. घागर भरायचं नाही जमलं. उजव्या हाताची करंगळी थंडीत दुखायची. त्या म्हणायच्या, नसलेली बोटंही दुखतात. कोणाकडे काम मागायला गेल्या तर लोक आधी हाताकडे बघायचे, मग म्हणायचे, कळवतो. किल्ल्या त्यांनी आपणहून माझ्याकडे दिल्या. "कुलूप फिरवायला दोन हात लागतात," म्हणाल्या.

दवाखान्यातल्या नर्सनं त्यांना सांगितलं, की मालकानं कळवलं नसलं तरी कामगार स्वतः अर्ज करू शकतो. भरपाई मिळते, आणि बसून करण्याजोगं काम देणं कारखान्याला भाग पडतं. त्या घरी आल्या त्या चेहरा उजळूनच. खूप दिवसांनी तसा चेहरा बघितला मी.

"धाकटे, कागद काढ. तुझ्या अक्षरात लिही. छापल्यासारखं."

मी लिहिलं. सगळं खरं लिहिलं, मंगळवार, यंत्र, फळी, वेढा.  त्यांनी डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवला आणि कागद वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत बसल्या. दोन महिने त्या रोज टपालवाल्याची वाट बघायच्या. तो सायकलवरून गेला की विचारायच्या, "आमचं काही?" तो लांबूनच हात हलवायचा.

उत्तर आलं ते एका दुपारी. मी उंबऱ्यावर बसून फोडलं. जाऊबाई समोर पाटावर बसल्या.

"वाच."

मी वाचलं. अर्जाची चौकशी केली असता असं आढळून येतं, की कारखान्याच्या हजेरीपटानुसार सदर कामगार घटनेच्या दिवशी व त्यानंतर सात आठवडे कामावर हजर होती. अठ्ठेचाळीस तासांहून अधिक गैरहजेरी नसल्यानं अपघाताची सूचना देणं मालकावर बंधनकारक नव्हतं. तसंच तपासणीच्या वेळी इजा घरी झाल्याचं खुद्द कामगारानं व तिच्या नातेवाईकानं सांगितल्याची नोंद आहे. अर्ज फेटाळण्यात येत आहे.

जाऊबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. सरकारी भाषा त्यांना कळायची नाही, म्हणून मी कधीकधी सोपं करून सांगत असे. त्या दिवशी मी सोपं केलं नाही. त्यांना कळणार नाही अशी माझी आशा होती.

"अठ्ठेचाळीस तास म्हणजे किती गं?"

"दोन दिवस."

"दोनच?" त्या म्हणाल्या. बोटांवर मोजायला उजवा हात वर आला आणि तसाच मांडीवर गेला. "मी दोन दिवस घरी पडून राहिले असते, तर?"

"तर त्यांना कळवावं लागलं असतं."

"आणि मग कोणाला खोटं बोलावं लागलं नसतं. तुलाही नाही, मलाही नाही."

"नाही."

कोंबडी अंगणात पायांनी माती उकरत होती. जाऊबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ घातलंस का असं विचारावं तसं विचारलं, "हे तुला त्या सकाळी माहीत होतं? मला उठवायला आलीस तेव्हा?"

मी कागदाची घडी घातली. पुन्हा उलगडली. मला आठवतं, कोपऱ्यात टाचणी टोचलेली होती आणि तिला गंज चढला होता.

"माहीत होतं," मी म्हटलं.

 त्या उठल्या, आत गेल्या. संध्याकाळी नेहमीसारखा स्वयंपाक झाला. ह्यांना नेहमीसारखं वाढलं, मलाही वाढलं. माझ्या ताटात कमी काही घातलं नाही. मी वाट बघत होते की काही बोलतील, शिव्या देतील, निदान भांडं आपटतील.

हात गेल्यापासून त्यांचे केस मीच विंचरत असे. एका हातानं वेणी घालता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फणी आणि तेल घेऊन पायरीवर येऊन बसले. त्या मोकळ्या केसांनी माझ्या शेजारून खाली उतरल्या, फणी माझ्या हातातून हळूच काढून घेतली आणि शेजारणीच्या दारात जाऊन पाठ करून बसल्या.

"अगं, आज इकडे कशी?" शेजारीण म्हणाली. "धाकटी बरी नाही का?"

"बरी आहे," जाऊबाई म्हणाल्या. "तिला कामावर जायला उशीर होतो."